न सांगितलेलं यंत्राला कसं कळावं?

फोनमध्ये जगभरचे शब्दकोश, नकाशे आणि पंचांगं मावतात. मग संगणकाला हे सगळं ‘माहीत’ आहे, असं म्हणायचं का? हा प्रश्न शाळकरी मुलं विचारतात, निवृत्त शिक्षकही विचारतात. आणि यंत्रांना बुद्धी देऊ पाहणाऱ्या संशोधकांची जवळजवळ सत्तर वर्षं त्याचंच उत्तर शोधण्यात गेली आहेत.

समजा, संगणकात एक वाक्य साठवलं आहे: ‘आजी एकादशीला उपवास करते.’ ‘आजी’ हा शब्द शोधायला सांगितला, तर वाक्य क्षणात समोर येईल. पण ‘आज न्याहारीला आजीला पोहे द्यायचे का?’ असं विचारलं, तर नुसतं शोधून भागत नाही. आज एकादशी आहे, हे कळायला हवं. उपवासाला पोहे चालत नाहीत, हेही कळायला हवं. आणि ही तीन वाक्यं साठवली, तरी कुठंच न लिहिलेलं चौथं वाक्य त्यांतून काढता आलं पाहिजे: आज आजीला पोहे देऊ नयेत.

म्हणजे यंत्राला दोन गोष्टी लागतात. ज्ञान अशा रीतीनं मांडलेलं हवं, की त्याचे तुकडे एकमेकांना जोडता येतील. आणि त्या तुकड्यांवरून नवं काही काढण्याची रीत हवी. पहिलीला या प्रकरणात ‘मांडणी’ म्हणू आणि दुसरीला आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलाच शब्द वापरू, ‘अनुमान’.

१. टेबलापासून विमानतळापर्यंत

नोव्हेंबर १९५८ मध्ये लंडनजवळच्या टेडिंग्टन इथं, ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत, विचारप्रक्रियेच्या यांत्रिकीकरणावर एक परिषद भरली होती. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे नाव रूढ करणारे अमेरिकी गणिती जॉन मॅकार्थी यांनी तिथं एक कल्पना मांडली. प्रत्येक कामाची कृती यंत्राला पायरीपायरीनं शिकवत बसू नका. त्याला जगाविषयी विधानं सांगा. काय करायचं ते त्याचं त्याला काढू द्या.

त्यांचं उदाहरण अगदी घरगुती होतं. एक माणूस घरात टेबलाशी बसला आहे आणि त्याला विमानतळावर जायचं आहे. यंत्राला काय काय सांगावं लागेल? मॅकार्थींच्या धर्तीवर मराठीत लिहायचं, तर असं:

स्थान(माणूस, टेबल)
स्थान(टेबल, घर)
स्थान(मोटार, घर)

आणि एक नियम: ‘क’ हा ‘ख’पाशी असेल आणि ‘ख’ हा ‘ग’मध्ये असेल, तर ‘क’ हा ‘ग’मध्ये असतो. क, ख, ग यांच्या जागी काहीही घाला. पहिली दोन विधानं या नियमात बसवली, की ‘माणूस घरात आहे’ हे नवं विधान मिळतं. मोटारही घरातच आहे. एकाच घरातल्या दोन जागांमध्ये चालत जाता येतं, एकाच परिसरातल्या दोन ठिकाणांमध्ये मोटारीनं जाता येतं, असे आणखी नियम आणि घर व विमानतळ एकाच परिसरात असल्याचं विधान दिलं, की बेत तयार होतो: चालत मोटारीपर्यंत, तिथून मोटारीनं विमानतळावर.

एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा खटाटोप? हो, आणि तोच मुद्दा आहे. माणसाला हे कुणी शिकवत नाही, म्हणून ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलंही नसतं. यंत्राला मात्र यातलं एकही वाक्य गाळून चालत नाही.

परिषदेत तर्कशास्त्र आणि भाषा यांचे अभ्यासक यहोशुआ बार-हिलेल यांनी या निबंधावर कडक टीका केली. विमानतळावर टॅक्सीनं जाणं स्वस्त पडणार नाही का, असं त्यांनी विचारलं. आक्षेप बोचरा होता आणि रास्तही. तर्काच्या नियमांत चूक नव्हती. जगात मात्र नियमांपेक्षा जास्त काही होतं. तिकडे आपण चौथ्या भागात येऊ.

२. ‘का?’ असं विचारता येणारं यंत्र

नियमांची ही रीत प्रत्यक्षात कामाला लागली ती वैद्यकात. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मायसिन’ नावाची प्रणाली बांधली. रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मेंदूज्वर झालेल्या रुग्णाला कोणतं प्रतिजैविक द्यावं, याचा सल्ला ती देई. तिच्यात सुमारे पाचशे नियम होते. त्यातला एक साधारण असा: जंतू ग्रॅम-निगेटिव्ह असेल, आकारानं काडीसारखा असेल आणि ऑक्सिजनविना वाढणारा असेल, तर तो बॅक्टेरॉइड्स असावा, खात्री ०.६.

मायसिन उलट्या दिशेनं विचार करी. आधी निष्कर्ष समोर ठेवायचा, मग तो खरा ठरायला काय काय लागेल ते शोधत मागं जायचं. एखादी बाब माहीत नसेल, तर समोरच्या डॉक्टरांना विचारायचं. त्यामुळे तिचे प्रश्न नेमके असत, आणि तिला उलट प्रश्नही विचारता येत. ‘हे का विचारतेयस?’ म्हटलं, की ती ज्या नियमावर काम करत असे तो दाखवी. ‘या निष्कर्षाला कशी पोहोचलीस?’ म्हटलं, की नियमांची पूर्ण साखळी उलगडून दाखवी.

१९७९ मध्ये तिची परीक्षा झाली. मेंदूज्वराच्या दहा रुग्णांवर मायसिननं सुचवलेले उपचार आणि डॉक्टरांनी सुचवलेले उपचार, नावं झाकून, आठ तज्ज्ञांपुढं ठेवले गेले. मायसिनचे ६५ टक्के सल्ले ग्राह्य ठरले. स्टॅनफर्डच्याच संसर्गतज्ज्ञ प्राध्यापकांचं प्रमाण ४२.५ ते ६२.५ टक्के होतं.

तरीही ती रुग्णालयात नित्याच्या वापरात आली नाही. प्रत्येक रुग्णामागे बराच वेळ टंकत बसावं लागे. सल्ला चुकला तर जबाबदारी कुणाची, हेही ठरलेलं नव्हतं. मायसिनचं मोठेपण तिच्या गुणांकापेक्षा त्या दोन प्रश्नांत आहे. ज्या यंत्राच्या सल्ल्यावर माणसाच्या शरीरात औषध जाणार, त्या यंत्राला ‘का?’ असं विचारता आलंच पाहिजे. पन्नास वर्षांपूर्वी हे जमलं होतं, याची आठवण आज मुद्दाम ठेवायला हवी.

३. जाळं, चौकट आणि एक संस्कृत वाक्य

नियम वाढत गेले, की नवी अडचण उभी राहते. कावळ्याला पंख असतात, चिमणीला पंख असतात, घारीला पंख असतात. हे किती वेळा लिहायचं? अमेरिकेतले रॉस क्विलियन यांनी १९६० च्या दशकात यावर जाळ्याची मांडणी सुचवली. प्रत्येक संकल्पना म्हणजे एक गाठ, गाठींमधले संबंध म्हणजे बाण. ‘चिमणी’कडून ‘पक्षी’कडे बाण, ‘पक्षी’कडून ‘प्राणी’कडे बाण. पंख फक्त ‘पक्षी’पाशी लिहायचे, श्वास फक्त ‘प्राणी’पाशी. चिमणी श्वास घेते का, असं विचारलं, की दोन बाण चढून जायचं आणि उत्तर घेऊन यायचं. वरच्याचे गुण खालच्याला आपोआप मिळतात.

१९७४ मध्ये मार्विन मिन्स्की यांनी याला आणखी आकार दिला. ओळखीचा प्रसंग समोर आला, की माणूस त्याची एक तयार चौकट मनात उघडतो, असं त्यांचं म्हणणं. चौकट म्हणजे काही रकाने आधीच भरलेला छापील अर्ज. ‘वाढदिवस’ म्हटलं की केक, पाहुणे, भेटवस्तू हे रकाने येतातच. काही कळलं नसेल, तर नेहमीचं उत्तर धरून चालायचं, कळलं की खोडून नवं लिहायचं.

ही जाळी आज सर्वत्र आहेत. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘विकिडेटा’ या खुल्या माहितीजाळ्यात दहा कोटींहून अधिक नोंदी आहेत. मुंबई तिथं क्यू-११५६ आहे, मग तिचं नाव कुठल्याही लिपीत लिहा. आयआयटी मुंबईत हिंदी आणि मराठी शब्दांची अर्थजाळी तयार झाली. वैद्यकात ‘स्नोमेड सीटी’ या जागतिक संज्ञासंग्रहात साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत. त्यात विषाणुजन्य न्यूमोनिया हा केवळ शब्द नसतो. आजाराची जागा: फुप्फुस, कारण: विषाणू, अशी त्याची व्याख्याच बाणांनी केलेली असते. त्यामुळे फुप्फुसाच्या संसर्गाचे सगळे रुग्ण दाखव म्हटलं, की हेही रुग्ण यंत्र स्वतःहून काढतं. भारतातलं या संग्रहाच्या वितरणाचं काम पुण्याच्या सी-डॅककडे आहे.

इथं मराठी वाचकांच्या मनात एक प्रश्न हटकून येतो. संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा आहे, असं नासानं म्हटलंय, हे खरं का?

या समजाचं मूळ १९८५ मधल्या एका लेखात आहे. नासाच्या एम्स केंद्रातल्या संशोधन संस्थेत काम करणारे रिक ब्रिग्ज यांनी ‘एआय मॅगझिन’मध्ये तो लिहिला. संगणकाच्या आज्ञावली संस्कृतात लिहाव्यात, असं त्यात नाही. त्यांचं म्हणणं वेगळं आणि खरं तर अधिक रंजक होतं. संस्कृत वैयाकरणांनी वाक्याचा अर्थ उलगडण्याची जी पद्धत घडवली, ती आणि क्विलियनच्या वळणाची जाळी यांत विलक्षण साम्य आहे, असं त्यांनी दाखवलं. मैत्र स्नेहापोटी देवदत्तासाठी भांड्यात अग्नीवर भात शिजवतो, असं एक वाक्य ते घेतात. वैयाकरण त्यातली क्रिया मध्यभागी ठेवतो आणि बाकीचे शब्द कारकसंबंधांनी तिला जोडतो: कर्ता मैत्र, कर्म भात, अधिकरण भांडं, करण अग्नी, संप्रदान देवदत्त, हेतू स्नेह. शब्दांचा क्रम बदला, वाक्य कर्मणी करा. गाठी आणि बाण तेच राहतात.

ब्रिग्ज यांनी ज्यांच्या ग्रंथांचा आधार घेतला, त्यांत नागेशभट्ट आहेत. काळे आडनावाचे हे महाराष्ट्रीय पंडित सतराव्या-अठराव्या शतकात काशीत राहिले. त्यांच्यासमोर यंत्र नव्हतं. ऐकणाऱ्याच्या मनात वाक्याचा अर्थ कसा उभा राहतो, हा त्यांचा प्रश्न होता. आणि त्याचं इतकं काटेकोर उत्तर शोधणं हे नासाच्या शिक्क्याशिवायही अभिमान वाटावं असं काम आहे.

४. नदीवरचा पूल

आता बार-हिलेल यांच्या टॅक्सीकडे, म्हणजे नियमांत न मावणाऱ्या जगाकडे.

पक्षी उडतात. शहामृग पक्षी आहे. जाळ्याच्या हिशेबानं शहामृग उडतं. शहामृगाला अपवाद करू, पेंग्विनलाही करू. पण पंख मोडलेली चिमणी? पिंजऱ्यातला पोपट? अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू? यादी संपत नाही. आजीचंही तसंच. ती एकादशीला उपवास करते. पण डॉक्टरांनी मधुमेहाच्या गोळ्या उपाशीपोटी घेऊ नका असं बजावलं असेल, तर आज ती पोहे खाईलही.

शाळेत शिकलेल्या गणितात असं होत नाही. एकदा सिद्ध झालेलं प्रमेय नवी माहिती आली म्हणून खोटं पडत नाही. रोजच्या विचारात मात्र नवी माहिती आली की आधीचा निष्कर्ष मागं घ्यावा लागतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आपल्या नैयायिकांनी धुरावरून अग्नीचं अनुमान शिकवताना हेत्वाभासांची, म्हणजे सदोष हेतूंची, एवढी चर्चा केली. दुसऱ्या बळकट प्रमाणानं अनुमान बाधित होतं, हे त्यांनी मानलं.

१९८० मध्ये याचं गणित उभं राहिलं. रेमंड रायटर यांनी ‘उलट पुरावा नसेल तोवर असं धरा’ अशा नियमांचं तर्कशास्त्र मांडलं. त्याच वर्षी मॅकार्थींनी एक जुनं कोडं पुढं केलं. तीन धर्मोपदेशक आणि तीन नरभक्षक नदीकाठी आहेत, होडीत दोघंच मावतात. कुठल्याही काठावर नरभक्षकांची संख्या जास्त न होता सगळे पलीकडे कसे जातील? समजा, ऐकणारा म्हणाला, ‘अर्ध्या मैलावरच्या पुलावरून जातील.’ पूल नाही, असं कोड्यात कुठं म्हटलंय? पूल नाही म्हणून सांगितलं, तर तो हेलिकॉप्टर काढील. तेही नाही म्हटलं, तर होडीला भोक नाही हे कशावरून, असं विचारील. कोडं सोडवणारा माणूस हे सगळं न सांगता गृहीत धरतो: जे सांगितलं आहे, त्याच्यापलीकडे विशेष काही नाही. मॅकार्थींनी या गृहीतकालाच तर्काचं रूप दिलं.

पण ते कुठं लावायचं आणि कुठं नाही, हे समजणं जीवनमरणाचं असू शकतं. एसटी स्थानकावरच्या वेळापत्रकात तीनची गाडी लिहिलेली नसेल, तर ती नाही. रुग्णाच्या कागदावर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली नसेल, तर ती नाही, असं मात्र म्हणता येत नाही. दोन्ही ठिकाणी कागद कोराच आहे. पहिली यादी पूर्ण असल्याची हमी कुणीतरी दिली आहे, दुसरीची दिलेली नाही. कोणती यादी पूर्ण आहे, हे ज्ञानही यंत्राला वेगळं द्यावं लागतं.

५. काय बदललं नाही?

गॅसवरचा तवा ओट्यावर ठेवला. काय बदललं? तव्याची जागा. काय बदललं नाही? भिंतीचा रंग, आजीचं वय, दिल्लीतलं तापमान. मॅकार्थी आणि पॅट्रिक हेज यांनी १९६९ मध्ये ही अडचण नोंदवली: प्रत्येक कृतीनंतर न बदललेल्या गोष्टी यंत्राला कशा सांगायच्या?

तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांनी १९८४ मध्ये यावर एक कल्पित कथा रचली. यंत्रमानवाची बॅटरी एका खोलीत आहे आणि तिथं थोड्या वेळात फुटणारा बाँब आहे. पहिला यंत्रमानव बॅटरीची ढकलगाडी बाहेर ओढतो. बाँब त्याच गाडीवर असतो. दुसऱ्याला कृतीचे सगळे परिणाम तपासायला शिकवलेलं असतं. गाडी ओढल्यानं भिंतींचा रंग बदलणार नाही, हे सिद्ध करत असताना स्फोट होतो. तिसऱ्याला बिनमहत्त्वाचे परिणाम सोडून द्यायला शिकवलेलं असतं. तो हजारो परिणाम एकेक करून बिनमहत्त्वाचे ठरवत बसतो आणि तोही संपतो.

ठरावीक, मर्यादित जगासाठी या अडचणीवर तर्कशास्त्रात चांगले उपाय निघाले आहेत. प्रसंगाला काय महत्त्वाचं आहे ते चटकन ओळखणं, हा तिचा कठीण अर्धा भाग आहे.

६. एक्कावन्नांतला एक

मायसिनचा ०.६ हा आकडा आठवतो? त्याचा अर्थ नेमका काय, हा प्रश्न पुढं फार गाजला. एक छोटा हिशेब करू. एक आजार हजारात एकाला असतो. चाचणी आजारी माणसाला नेहमी पकडते, पण निरोग्यांपैकी ५ टक्क्यांनाही चुकून आजारी ठरवते. चाचणी ‘आहे’ म्हणाली, तर आजार असण्याची शक्यता किती? हजार माणसं घ्या. आजारी एक, तो पकडला जाईल. उरलेल्या ९९९ पैकी सुमारे ५० चुकून पकडले जातील. म्हणजे एक्कावन्नांतला एक, जेमतेम २ टक्के. ‘चाचणी होकारार्थी, तर आजार, खात्री ०.९५’ असा नियम लिहून ठेवणारं यंत्र पन्नास निरोगी माणसांना घाबरवील.

ज्युडिया पर्ल यांनी १९८८ मधल्या ग्रंथात जाळं आणि संभाव्यता यांची सांगड घातली. बाण कारणाकडून परिणामाकडे जातात, आणि पुरावा दोन्ही दिशांनी पोहोचतो. लॉस एंजेलिसमधल्या घरात चोरीची घंटा वाजली, तर चोरीचा संशय वाढतो. तेवढ्यात भूकंपाची बातमी आली, तर घंटेला दुसरं कारण सापडतं आणि चोरीचा संशय खाली येतो. साध्या ‘जर-तर’ नियमांना हे मागं येणं जमत नव्हतं. पर्ल यांना याच कामासाठी २०११ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

७. चाळीस वर्षांची नोंद

मग सगळं सामान्य ज्ञान एकदाचं लिहूनच का काढू नये? डग्लस लेनॅट यांनी १९८४ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन इथं हेच ठरवलं. ‘साइक’ नावाच्या या प्रकल्पात माणसांनी हातानं लाखो विधानं लिहिली: माणूस एका वेळी एकाच ठिकाणी असतो, पाणी उतारानं वाहतं. लवकरच लक्षात आलं, की सगळी विधानं एकाच वेळी खरी ठेवता येत नाहीत. उपवासाला कोथिंबीर एका घरी चालते, शेजारच्या घरी चालत नाही. तेव्हा ज्ञानाचे संदर्भानुसार कप्पे केले गेले. एका कप्प्यात विसंगती चालत नाही, दोन कप्प्यांमध्ये चालते. लेनॅट २०२३ मध्ये गेले, तोवर हे लिहिणं चालूच होतं. या कामाला पुष्कळांनी वाया गेलेलं ठरवलं. तो निकाल घाईचा आहे. सामान्य समज किती अफाट आहे, हे या माणसांनी स्वतः लिहून मोजलं.

ती तपासण्याची एक सुरेख कसोटी कॅनडाचे हेक्टर लेव्हेक यांनी सुचवली. ‘ट्रॉफी सूटकेसमध्ये मावली नाही, कारण ती फार मोठी होती.’ कोण मोठी? ट्रॉफी. आता एकच शब्द बदला: ‘कारण ती फार लहान होती.’ कोण लहान? सूटकेस. व्याकरण इथं काही मदत करत नाही. वस्तू वस्तूत कशी मावते, हे माहीत असावं लागतं. ही कसोटी अनेक वर्षं टिकेल, असं वाटलं होतं. २०१९-२० च्या सुमारास भाषिक प्रारूपं तिच्यात ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचली.

८. आकड्यांत विरघळलेलं ज्ञान

ही प्रारूपं कुणी नियम लिहून घडवलेली नाहीत. प्रचंड मजकूर वाचून पुढचा शब्द ओळखायला ती शिकतात, आणि शिकलेलं आकड्यांच्या रूपात साठतं. २०२० मधल्या जीपीटी-३ मध्ये असे १७,५०० कोटी आकडे होते. यातल्या कुठल्याही एका आकड्यावर बोट ठेवून ‘आजीचा उपवास इथं आहे’ असं म्हणता येत नाही. तरी गोळ्या, मधुमेह आणि एकादशी यांची गाठ आजची प्रारूपं बऱ्यापैकी सोडवतात. साइकच्या लेखकांना जे लिहून संपत नव्हतं, त्यातलं खूप काही या यंत्रांनी नुसतं वाचून घेतलं. हे यश खरं आहे.

उणीव कुठं आहे, ते २०२३ मधल्या एका अभ्यासानं नेमकं दाखवलं. प्रसिद्ध व्यक्तीच्या आईचं नाव विचारलं, तर जीपीटी-४ नं ७९ टक्के वेळा बरोबर सांगितलं. त्याच आयांची नावं देऊन ‘हिचा मुलगा किंवा मुलगी कोण?’ असं विचारलं, तर बरोबर उत्तरं ३३ टक्क्यांवर आली. जाळ्याच्या मांडणीत हा एकच बाण आहे. दोन्ही टोकांकडून वाचता येतो. मजकुरातून शिकलेल्या प्रारूपात मात्र तो बहुधा ज्या दिशेनं वाचला, त्याच दिशेनं उमटतो. आणि ‘का?’ असं विचारलं, तर ओघवतं स्पष्टीकरण मिळतं. पण तेही शब्दामागून शब्द जुळवूनच आलेलं असतं. उत्तर खरोखर त्याच कारणानं निघालं, याची हमी त्यात नसते. मायसिनची साखळी इथं हरवलेली आहे.

म्हणून दोन्ही रीती जोडण्याचे प्रयत्न आज सर्वांत महत्त्वाचे आहेत. जानेवारी २०२४ मध्ये गूगल डीपमाइंडनं ‘अल्फाजॉमेट्री’ जाहीर केली. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमधल्या भूमितीच्या ३० प्रश्नांपैकी तिनं २५ सोडवले. सुवर्णपदक विजेत्यांची सरासरी २५.९ होती. तिच्यात दोन भाग आहेत. नियमांवर चालणारा भाग पक्षावरून निष्कर्ष काढत जातो. तो अडला, की भाषिक प्रारूप शाळेच्या वहीत ‘रचना’ म्हणून लिहितात तशी एक ओळ सुचवतं: इथं एक बिंदू घ्या. सूचना चुकीची असली, तरी खोटी सिद्धता बाहेर पडत नाही, कारण प्रत्येक पायरी नियमांतूनच जाते.

भूमितीचे नियम मात्र ठरलेले आहेत. रुग्णालयात तसं नसतं. डॉक्टरांचं टिपण प्रारूपानं वाचायचं, त्याचं स्नोमेडच्या संकल्पनांत रूपांतर करायचं आणि औषधाचा धोका नियमांच्या भागानं तपासायचा, अशी रचना करता येते. मग इशारा आला, की तो कोणत्या नोंदीमुळे आला हे दाखवता येतं. चूक शिरण्याची जागा उरते ती मधल्या रूपांतरात. ‘कसलीही ॲलर्जी नाही’ आणि ‘ॲलर्जीबद्दल विचारलेलं नाही’ या टिपणातल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्नोमेडमध्ये ‘ज्ञात ॲलर्जी नाही’ अशी स्वतंत्र संकल्पना आहे; ती फक्त पहिल्या प्रकारच्या वाक्यालाच लावायची असते. कोऱ्या जागेवर प्रारूपानं ती बसवली, तर पुढचं सगळं अनुमान बिनचूक चालून चुकीच्या औषधापर्यंत पोहोचेल. त्यामुळे अशा प्रणालीत प्रत्येक संकल्पनेशेजारी टिपणातली मूळ ओळ दिसली पाहिजे, आणि ती ओळच नसेल तर रकाना कोरा राहिला पाहिजे.